झाकण नको म्हणणारे पाचखेडे

रविवार, १४ सप्टेंबर १९८६, सकाळी साडेनऊ. जागा: वामनराव पाचखेड्यांच्या घरामागची पत्र्याची शेड. हजर चौघं: त्यांच्या पत्नी इंदूताई, त्यांचं सुतारकाम आणि लेथचं काम करणारे गुलाबराव शेंडे, समोरच्या घरातली कमल मेश्राम, आणि मी, पाचखेड्यांच्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण, सरकारी कचेरीत टायपिस्ट. वामनराव हजर नव्हते. त्यांना जाऊन महिना झाला होता.

काम एकच होतं. पाचखेड्यांनी तयार केलेली नऊ यंत्रं लोकांच्या घरात गेली होती. त्यातली पाच कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक होतं, चार कुठे आहेत ते नव्हतं. ते फक्त त्यांच्या नोंदवहीत होतं, आणि ती वही त्यांनी जिवंतपणी कोणाला दाखवली नाही. प्रत्येक यंत्रावर एक उघडी, धारदार चकती फिरते. त्या चकतीने कमलच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. उरलेल्या चार घरांत आणखी कोणाची जाऊ नयेत म्हणून वही हवी होती.

गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न केला. एका कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि डाव्या बाजूला त्यांचे गुण लिहायला घेतले. तीन झाले. अक्षर सुंदर. वेळेचे पक्के. तान्ह्या पोळ्याचा बैल. चौथा सुचेना, तेव्हा कागद उलटा करून त्यावर किराण्याची यादी केली. उजवी बाजू इथे लिहिते आहे.

पाचखेडे एका सरकारी वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होते. मुदतीआधी नोकरी सोडून ‘स्वतंत्र संशोधक’ झाले. तशी पाटी घराच्या फाटकावर होती आणि तिच्याखाली पेटंटचे नंबर रंगवलेले होते. नवीन नंबर मिळाला की पेंटर यायचा. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, त्या वेळी पंचवीसेक घरं, निम्मे प्लॉट रिकामे, रस्ता मुरमाचा. अशा जागी एवढे नंबर वाचायला कोण येणार होतं देव जाणे. दूधवाला म्हणायचा, “साहेबाकडं गाड्यांचे नंबर लई दिसतात, पण गाडी उभी एकबी नाही.”

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “कल्पना म्हणजे दूध. उघडं ठेवलं की मांजर पिणार.” त्यांच्या लेखी आम्ही सगळे मांजर होतो. शेडच्या दाराशी एक रजिस्टर असायचं. आत येणाऱ्याने तारीख घालून सही करायची: ‘आज जे पाहीन ते कोणास सांगणार नाही.’ विजेचं मीटर वाचायला येणाऱ्या माणसालाही ती करावी लागे. तो म्हणाला, “साहेब, मी फक्त आकडा वाचतो.” पाचखेडे म्हणाले, “आकड्यावरूनच तर मोटर किती चालली ते कळतं.” त्याने सही केली आणि पुढचे तीन महिने बाहेरूनच अंदाजे आकडा टाकला.

माझ्याकडे टाइपरायटर होता, म्हणून त्यांचे पेटंटचे अर्ज मी टाइप करायची. रविवारी बरोबर चारला यायचे. शर्टाचा खिसा मुद्दाम लांब शिवून घेतलेला, त्यात जाडी-लांबी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. उभे राहूनच इंग्रजीत मजकूर सांगायचे, आणि काम झालं की अर्जाबरोबर वापरलेला कार्बनपेपरही मागून घ्यायचे. कार्बनवर अक्षरं उमटलेली असतात ना. तो आमच्याच अंगणात जाळायचे आणि राख चपलेने पसरायचे. आभार कधी मानले नाहीत. एकदा मी स्वल्पविराम चुकवला, तेव्हा मात्र म्हणाले, “सुमनबाई, पेटंटमध्ये एका स्वल्पविरामावर माणूस देशोधडीला लागतो.”

आता बैल. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून ओढत आणतात, रांगेत उभी करतात, बक्षिसं मिळतात. पाचखेड्यांनी सत्तरच्या सुमारास ओढताना मान हलवणारा बैल काढला होता. चाकाच्या आसापासून मानेपर्यंत एक वाकडी तार, बस. छान होता. सात वर्षांच्या माझ्या मुलीने त्यांच्या फाटकाशी उभं राहून तासभर पाहिला. त्यांनी तिला तो हातात दिला नाही, रजिस्टरवर मात्र तिचं नाव लिहून घेतलं.

पेटंट मिळालं आणि ले-आउटच्या तान्ह्या पोळ्याला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुण्याने नारळ फोडावा, बक्षिसं द्यावीत. पाचखेडे रांगेतून निघाले ते प्रत्येक पोरासमोर थांबून म्हणायला लागले, “बैल उलटा कर.” पोरं घाबरून उलटा करायची. हे वाकून पोटाखाली बघायचे. ज्या बैलाची मान हलते तो बैल बाजूला. असे अकरा बाजूला निघाले. सगळे गुलाबरावांनी केलेले.

गुलाबराव गर्दीतून पुढे आले. “साहेब, लेकरं रडून राहिली ना.”

“रडू द्या. ही तार पाहिली? ही माझी तार आहे.”

“तार तं लोखंडाची असते साहेब. तुमची कवापासून झाली?”

लोक हसले. पाचखेडे हसले नाहीत. “याला उल्लंघन म्हणतात, गुलाबराव. नोटीस पाठवीन.”

“माह्या बापानंबी मान हलवणारा बैल केला होता. तवा तुम्ही चड्डीत असान.”

“त्याने नोंदवला होता का?”

“बैल कोणी नोंदवते का जी? बैल ओढते.”

अकरा बैल पाचखेडे घेऊन गेले. पोरं दोऱ्या हातात धरून उभी. दोन दिवसांनी गुलाबरावांना खरोखरच नोटीस गेली. ती मी टाइप केली होती, हेही लिहून ठेवते. आणि त्याच आठवड्यात गुलाबराव त्यांच्या शेडमध्ये रंधा मारत होते. मी विचारलं, असं कसं? म्हणाले, “कामाचं डोकं आहे ताई. कानच नाही देले देवानं.”

नंतर सप्तगुणी आली, तेच ते यंत्र. शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. लाकडी फळीवर एक छोटी मोटर, तिच्या टोकाला जोड बदलायची सोय. ड्रिल लावा, भोक पाडा. फिरता दगड लावा, विळीला धार करा. चकती लावा, भाजी चिरा, लाकडाची पट्टी कापा. अशी सात कामं. घरात एकच मोटर, सगळ्या घराला पुरेल. कल्पना वाईट नव्हती. वर्कशॉपातलं हत्यार बाईच्या हाताशी आणायचं, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना डोळे चमकायचे. ते चमकणं खरं होतं, हे मी नाकारत नाही.

गुलाबरावांनी पहिला नमुना केला तेव्हाच चकतीवर पत्र्याचं अर्धगोल झाकण बसवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. करवतीवर आयुष्य गेलेला माणूस, हात आपोआप झाकण करतो. पाचखेड्यांनीही ते राहू दिलं. अर्ज गेला. काही महिन्यांनी पेटंट ऑफिसचं पत्र आलं की, असं झाकणवालं बहुउपयोगी यंत्र दुसऱ्या कोणाच्या नावे आधीच नोंदलेलं आहे. तुमच्यात वेगळं काय?

त्या रविवारी ते चारच्या आधीच आले. पहिल्यांदाच. म्हणाले, “लिहा. आमच्या यंत्राला झाकण नाही. तेच आमचं वेगळेपण. झाकण नसल्यामुळे जोड एका हाताने, क्षणात, पाना न वापरता बदलता येतो.”

मी टाइप केलं. अर्जातला तिसरा दावा. ‘कोणतेही आवरण वा झाकण नसलेले.’ शब्द माझ्या बोटांखालून गेले. मी फक्त एवढं विचारलं की, झाकण नसलं तर लागणार नाही का? ते म्हणाले, “लागणं हा वापरणाऱ्याचा दोष असतो, यंत्राचा नसतो.” मी पुढची ओळ घेतली.

युक्तिवाद मान्य झाला. पेटंट मिळालं. पेंटर आला. दुसऱ्या दिवशी पाचखेड्यांनी शेडमध्ये जाऊन नमुन्यावरचं झाकण स्क्रूसकट काढलं. ज्या गोष्टीमुळे कागद मंजूर झाला ती गोष्ट चांगलीच असली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. गुलाबराव म्हणाले, “कागदावर नसू द्या, लाकडावर ऱ्हाऊ द्या ना.” पाचखेड्यांनी त्यांना समजावलं की, झाकण बसवलं की ते यंत्र आपल्या पेटंटबाहेर जातं. मग आपलं आपल्याजवळ काय राहिलं?

गुलाबराव मला म्हणाले, “कागदाले सात कुलपं, अन् चकती उघडी. याले काय म्हणावं?”

झाकणाशिवाय नऊ यंत्रं तयार झाली. कारखानदारांना दाखवायच्या आधी घरगुती चाचणी हवी, म्हणून पाचखेड्यांनी ती वाटली. कोणाला वाटली ते वहीत. एक कमलला दिलं.

कमल ब्लाउज शिवायची. ले-आउटमधल्या प्रत्येक बाईचं माप तिच्या डोक्यात. वही ठेवायची नाही. नवऱ्याची नोकरी बंद गिरणीत अडकलेली, घर तिच्या मशीनवर चालायचं. यंत्र आल्यावर ती खूष होती. खिडकीतून ओरडून सांगायची, “सुमनताई, कैच्यांना धार लावून पाहिजे का वं? माह्याकडं कारखाना आला!”

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात, दुपारी, ती पत्ताकोबी चिरत होती. लाईन गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाईन जायचीच. चकती थांबली. कमलने बटन बंद केलं नाही, कारण मोटर बंदच होती. चकतीखाली अडकलेली पानं काढायला हात घातला. तेवढ्यात लाईन आली.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन पेरांपर्यंत.

दवाखान्यातून परत आल्यावर मी सरळ पाचखेड्यांच्या शेडमध्ये गेले. रजिस्टरवर सही केली नाही. मी म्हटलं, बाकीची आठ यंत्रं परत आणा, किंवा कोणाकडे आहेत ते सांगा, मी आणते. त्यांनी खणातून सूचनापत्रक काढलं. मीच टाइप केलेलं. त्यातल्या सातव्या कलमावर नख ठेवलं: ‘वीज गेल्यास प्रथम बटन बंद करावे.’

“त्यांनी वाचलं नाही,” ते म्हणाले.

“ते इंग्रजीत आहे,” मी म्हटलं.

त्यांनी पत्रक घडी करून परत खणात ठेवलं. मग म्हणाले, “चाचणी अपुरी राहिली तर आठ जणांची मेहनत वाया जाईल. आणि यंत्रं परत मागवली म्हणजे दोष कबूल केल्यासारखं होतं. कारखान्याशी बोलणं चालू आहे, सुमनबाई.” वही कोणत्या खणात आहे ते त्यांची नजर सांगत होती. चावी त्यांच्या जानव्याला होती.

त्या दिवसापासून मी त्यांचं टाइपिंग बंद केलं. ले-आउटमधली चार यंत्रं घरोघर फिरून मीच शोधली. दोघांनी लगेच दिली. एकाने पाचखेड्यांना विचारून सांगतो म्हटलं, त्याच्याकडून गुलाबरावांनी मोटरीची वायर कापून यंत्रच उचलून आणलं. चौथ्या घरातली बाई म्हणाली, “मी त कवाच माळ्यावर टाकली. घेऊन जा तुम्ही.” कमलचं धरून पाच. कारखान्याशी बोलणं पुढे गेलं नाही. पाटीवरचा नंबर तेवढा राहिला.

पाचखेड्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते कमलच्या ओसरीवर, त्यांच्या आजारपणाआधी काही महिने. कमल तोवर डाव्या हाताने कातर धरायला शिकली होती, पण शिलाई सरळ जात नव्हती. तिने मुलींना शिवणाचा क्लास घ्यायला सुरुवात केली होती. ती खुर्चीत बसून सांगायची, मुली कापायच्या. मी माप द्यायला गेले होते. पाचखेडे फाटकातून आले, चप्पल काढली, एका मुलीला उठवून तिच्या स्टुलावर बसले आणि खिशातून कॅलिपर काढला.

“हात द्या,” कमलला म्हणाले.

मला वाटलं, अखेर माणूस माफी मागायला आला. कमललाही वाटलं असावं, कारण तिने हात पुढे केला. त्यांनी उरलेल्या पेरांची जाडी मोजली, लांबी मोजली, दोनदा मोजली आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिली. मग म्हणाले, “बोटं नसणाऱ्यांसाठी कातरीची मूठ. अशी कोणी नोंदवलेली नाही. मी तपासलं.”

मुलींच्या हातातल्या कातऱ्या थांबल्या.

कमलने हात मागे घेतला नाही. तिने तो त्यांच्या चष्म्यासमोर नेला. “पाचखेडेसाहेब, माप बरोबर घेतलं ना? नायी तं परत कापा लागन.”

त्यांनी पाकिट पाहिलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मंग आता उठा. ते स्टूल पोरीचं आहे.”

ते उठले, कॅलिपर पुसून खिशात ठेवला आणि गेले. जाताना पाठ थोडी वाकलेली दिसली, पण ती वयाने. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कमल मुलींना म्हणाली, “काहून थांबल्या? बगल गोल कापा, चौकोनी नाही.”

मूठ त्यांनी केली का, मला माहीत नाही. केली असेल तर कमलपर्यंत आली नाही.

आता परत त्या रविवारच्या शेडमध्ये. चावी इंदूताईंनी आणली. पहिलं कपाट उघडलं तर वरच्या फळीवर अकरा लाकडी बैल ओळीने उभे, प्रत्येकाच्या गळ्यात घुंगराच्या जागी चिठ्ठी: पुरावा क्रमांक एक, दोन, तीन. ते बैल ओढणारी पोरं आता कॉलेजात आहेत. गुलाबरावांनी एक खाली काढून फळीवर ओढला. मान हलली. “वंगण घालत होता बेटा,” ते म्हणाले.

वही दुसऱ्या खणात सापडली. तिच्याखाली गुंडाळी होती. उलगडली तर सप्तगुणीचा आराखडा, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. चकतीवर अर्धगोल झाकण. झाकण उघडं असलं की मोटर सुरूच होणार नाही अशी एक पट्टी. कोपऱ्यात ‘गोपनीय’ आणि तारीख. तारीख कमल दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यातली.

गुलाबराव वाकून बघत राहिले. “हे त माहं झाकण आहे. पट्टी तेवढी त्याहीची.”

“हे मग लावलं काहून नाही?” कमलने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. झाकण नाही म्हणून मिळालेल्या पेटंटच्या मालकाने झाकण लावायचं, म्हणजे तिसरा दावा स्वतःच्या हाताने पुसायचा. आणि नवीन अर्ज करेपर्यंत कोणाला दाखवायचं नाही, नाहीतर मांजर दूध पिणार. अर्ज केला नाही. दाखवलंही नाही. पाच वर्षं तो कागद खणात आणि चार यंत्रं लोकांच्या घरात. त्यांना कळलं नव्हतं असं मी आजवर धरून चालले होते. कळलं होतं. एका आठवड्यात कळलं होतं.

इंदूताई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी ते यंत्र एकदाही आणू दिलं नाही. मी मागितलं होतं. मी आजही पाट्यावर वाटते.” मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.”

कमलने आराखड्याची गुंडाळी केली, त्यांच्या पद्धतीने नीट, कडा जुळवून, आणि गुलाबरावांच्या हातात दिली. “चार करा याची. आज सुरू करा.”

वहीप्रमाणे सहावं यंत्र शहरातल्या महाल भागात एका चांभाराकडे निघालं. तो त्यावर चामडं कापत होता. यंत्र द्यायला नाही म्हणाला, झाकण बसवून घेतलं. सातवं कामठीला, गंजून पडलेलं, आणलं. आठवं पाचखेड्यांच्या मावसभावाकडे. त्याने आधी भांडण केलं, मग आराखडा पाहून स्वतःच पाना आणला. ही तिन्ही दिवाळीच्या आत झाली.

नववी नोंद अशी आहे: ‘भिवापूर. मिरचीची वखार. देठ कापण्याच्या चाचणीसाठी.’ नाव नाही. गुलाबराव आणि मी दोनदा बसने गेलो. पहिल्यांदा वखारी बंद होत्या, हंगाम नव्हता. दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या वखारवाल्याने सांगितलं की, असं काहीतरी फिरतं यंत्र त्याच्या भावाकडे होतं. भाऊ वारला, सामान वाटलं गेलं, कोणत्या घरी गेलं ते देठ तोडणाऱ्या बायांनाच माहीत. त्या बाया माल आल्यावर येतात.

संक्रांत झाली. वखारींत लाल मिरची उतरायला लागली आहे. गुलाबरावांनी केलेलं चौथं झाकण, चार स्क्रू आणि पाना माझ्या दाराशी पिशवीत आहे. भिवापूरला तिसऱ्यांदा जायचं आहे, आणि अजून गेलो नाही.